एकाच कॉर्डवरची तीन मिनिटं

"आत्या, पण कॉर्ड बदलते कधी गं?"

भाचीनं डावा हात फ्रेटबोर्डवर तसाच रोखून धरत विचारलं. गेल्या वर्षापासून ती गिटार शिकतेय. तुझ्या आवडीचं एखादं गाणं दे, मी बसवते, असं तिनंच म्हटलं होतं, म्हणून मी तिला अमेरिकन ब्लूज गायक हाउलिन वुल्फचं 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' लावून दिलं. पोरीचा कान चांगला आहे. पहिल्या काही सेकंदांतच तिनं मूळ सूर पकडला, ई कॉर्ड, म्हणजे त्या सुरावरचा स्वरांचा मेळ, धरली आणि पुढच्या बदलासाठी बोटं सज्ज ठेवून बसली. एक कडवं गेलं, दुसरं गेलं, मध्ये हार्मोनिका वाजून गेली, वुल्फनं ती ओळखीची हाळी तीन-चारदा घातली, आणि गाणं संपलं तरी तिची बोटं होती तिथेच होती. बदलतच नाही, मी म्हटलं. "मग यात ऐकायचं काय?" तिनं विचारलं. तिच्या विचारण्यात कुरापत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी उत्तर दिलं, तिनं मान डोलावली, आणि आम्ही चहाला उठलो. पण तो प्रश्न मला काही सोडेना. ज्या गाण्यानं माझी कित्येक वर्षं व्यापली, त्यात ऐकायचं काय, हे मी कधी कुणाला धडपणे सांगितलंच नव्हतं.

तिची अपेक्षा अगदी रास्त होती. ब्लूज म्हटलं की बारा मात्रांचं नव्हे, बारा बारचं, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा तुकड्यांचं, एक आवर्तन गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या काही महिन्यांतच शिकवतात: पहिली कॉर्ड, मग चौथी, परत पहिली, मग पाचवी, आणि घरी. रॉक अँड रोलचा सारा डोलारा या तीन कॉर्डवर उभा राहिला. बोटांना ती वाट इतकी पाठ होते की पाचव्या बारला हात आपोआप सरकतो. वुल्फ हात सरकू देत नाही. दोन गिटार एक छोटासा फेरा घेतात, स्वर खाली घसरत येतात, आणि पुन्हा पहिल्यापासून तोच फेरा. मागे ड्रम्सची चाल थोडी रेंगाळल्यासारखी, बासचा एक जाड धागा, पियानो कुठेतरी कोपऱ्यात. या सगळ्यावर तो आवाज. या आवाजाचं वर्णन करायला बसलं की लोक खरखरीत, घोगरा, रेताड असली विशेषणं काढतात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. तो घोगरा आवाज ओळीच्या शेवटी एकदम वर उडतो, पातळ होतो, जवळजवळ बाईच्या गळ्यासारखा होतो, आणि 'वूऽऽ' करत लांबत जातो. एवढ्या जाड आवाजाच्या आत एवढा एकटा, नाजूक स्वर असेल असं वाटत नाही. प्रत्येक वेळी तो निघाला की माझ्या पोटात कालवतं, आजही.

आपल्या कानाला एका षड्जाचं वावडं नाही. तानपुरा तासन्‌तास एकच सांगत असतो आणि आपण त्यालाच घट्ट धरून बसतो. त्यामुळे हे गाणं आपल्याला सोपं जावं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता तसं वाटत नाही. तानपुऱ्यावर राग उलगडत जातो, एकेक स्वर दार उघडतो, वाढत जातो. वुल्फच्या गाण्यात उलगडणं नाही, बढत नाही. पहिल्या हाळीत जेवढं दुःख आहे तेवढंच शेवटच्या हाळीत आहे. तो विचारतो, काल रात्री कुठे झोपली होतीस? मग म्हणतो, गाडी थांबव, मला बसू दे. मग विचारतो, मी नसताना इथे कोण येऊन गेलं? या ओळींची गोष्ट होत नाही. उत्तर येत नाही, गाडी थांबत नाही. अशा वेळी कॉर्ड बदलली असती तर काहीतरी घडल्याचा, कुठेतरी पोचल्याचा दिलासा मिळाला असता. तो दिलासा न देणं हाच या गाण्याचा सगळा कस आहे, असं माझं मत आहे. ऐकायचं असतं ते हे: एक धिप्पाड माणूस एका जागी उभा आहे आणि हलू शकत नाही.

वुल्फनं स्वतः सांगून ठेवलंय की लहानपणी खेड्यात ते रात्री बसून जाणाऱ्या आगगाड्या बघत, आणि इंजिनाच्या धुराड्यातून ठिणग्या उडत, ती वीज म्हणजे हे गाणं. मला हे वाचल्यावर लगेच बार्शी लाइट आठवली. कुर्डुवाडीहून सुटणारी ती अरुंद गाडी, आजोळी जाताना खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात जाणारे कोळशाचे कण, आईनं पदराच्या टोकाला फुंकर घालून डोळ्यावर धरलेली ऊब. संध्याकाळच्या गाडीला उशीर झाला तर अंधारात इंजिनाच्या वर लाल ठिणग्यांचा एक झोत दिसे आणि विझून जाई. आम्ही मुलं त्या गाडीत बसलेलो असू, म्हणून आम्हाला तो झोत आनंदाचा वाटे. वुल्फ रुळाच्या कडेला होता. मिसिसिपीतल्या काळ्या शेतमजुराच्या पोराला ती गाडी म्हणजे इथून निघून जाणारे लोक: आज शेजारी, उद्या भाऊ, परवा बायको. उत्तरेला शिकागोकडे लाखो माणसं अशाच गाड्यांतून गेली. मागे राहणाऱ्याच्या डोळ्यांनी ती वीज बघितली की गाणं समजायला लागतं.

त्याचं खरं नाव चेस्टर आर्थर बर्नेट. १९१० साली मिसिसिपीतल्या व्हाइट स्टेशन नावाच्या वस्तीत जन्मला. आईनं लहानपणीच घराबाहेर काढलं, नातेवाइकाकडे हाल झाले, शेवटी बापाकडे डेल्टात पोचला. तिथे डॉकरी मळ्याच्या परिसरात चार्ली पॅटन नावाचा गवई होता, त्याच्या मागे हिंडून हिंडून वुल्फ गिटार शिकला आणि लोकांसमोर कसं उभं राहायचं तेही शिकला. पण पुढची वीस-पंचवीस वर्षं मुख्य काम शेतीचंच. चाळिशीला टेकल्यावर वेस्ट मेम्फिसच्या रेडिओवर गायला लागला आणि १९५१ मध्ये सॅम फिलिप्सनं मेम्फिसला त्याचं गाणं मुद्रित केलं. हाच फिलिप्स पुढे एल्व्हिस प्रेस्लीला घेऊन आला, पण आपल्याला सापडलेल्यांत वुल्फसारखा कुणी नाही, असं तो म्हातारपणापर्यंत सांगत राहिला. वुल्फ मग शिकागोला चेस रेकॉर्ड्सकडे गेला. दक्षिणेतून बाकीचे लोक जसे गेले तसे आपण गेलो नाही, याचा त्याला फार अभिमान होता. चार हजार डॉलरची स्वतःची गाडी आणि खिशात एकोणचाळीसशे डॉलर घेऊन सभ्य माणसासारखा आलो, असं तो सांगे. 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' जानेवारी १९५६ मध्ये मुद्रित झालं तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. गिटारवर विली जॉन्सन आणि चोविशीतला ह्यूबर्ट समलिन, बासवर विली डिक्सन, ड्रम्सवर अर्ल फिलिप्स, पियानोवर होझिया ली केनर्ड. हे सगळे एकत्र असूनही कुणी पुढे पुढे करत नाही. असं वाजवायला फार मोठं मन लागतं.

मी हे गाणं ऐकलं ते सगळं उलट्या क्रमानं.

मुंबईच्या हॉस्टेलवर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका मैत्रिणीकडे इंग्लिश रॉकच्या कॅसेटींचा खोका होता. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून तिनं एकेक करून जमवलेला. रात्री जेवणानंतर आम्ही तिच्या खोलीत दिवा मालवून लेड झेपेलिन ऐकायचो. ते गिटार छातीवर आदळायचे आणि आम्हाला वाटायचं हे आभाळातून पडलंय, याच्या आधी असं काही नव्हतंच. मग कुठल्याशा मासिकात वाचून तिनं यार्डबर्ड्स या इंग्लिश गटाची एक कॅसेट मिळवली, लंडनच्या मार्की क्लबमध्ये मार्च १९६४ ला प्रेक्षकांसमोर मुद्रित झालेली. गिटारवर एरिक क्लॅप्टन, वय वर्षं १८. त्यात 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' होतं. मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं ते असं, इंग्लंडमधल्या गोऱ्या पोरांकडून. आणि मला ते बेहद्द आवडलं, ते लपवायचं कारण नाही. वुल्फचं गाणं तीन मिनिटांचं, या पोरांनी ते साडेपाच मिनिटांच्या आसपास नेलंय. तोच फेरा, तीच एक कॉर्ड, पण ते तिच्यावर उभे राहत नाहीत. आवाज खाली आणतात, हार्मोनिका आणि गिटार एकमेकांना टोचत राहतात, मग हळूहळू ताण वाढवत, लय चेपत सगळे मिळून उसळतात, कोसळतात, पुन्हा दबा धरतात. अशा उसळण्याला ते 'रेव्ह-अप' म्हणत. छोट्याशा क्लबात घाम गाळणाऱ्या गर्दीला एवढा वेळ हवेत धरून ठेवायला हीच युक्ती लागते, आणि ती करायला एकाच कॉर्डचं गाणं सगळ्यात सोयीचं. हात मोकळे राहतात, डोकं फक्त जोर किती लावायचा याकडे.

रॉकला वुल्फकडून काय मिळालं, याचं माझं उत्तर इथे आहे. 'ब्लूजचा प्रभाव' असं मोघम म्हणून भागत नाही. तीन कॉर्ड तर रॉक अँड रोलवाल्या चक बेरीकडूनही मिळाल्या असत्या. वुल्फकडून मिळालं ते धाडस: कॉर्डची वाट सोडून एका तुकड्यावर, एका रिफवर अख्खं गाणं तोलून धरायचं. यार्डबर्ड्समधून क्लॅप्टन गेला, जेफ बेक आला, मग जिमी पेज आला, आणि त्या गटाच्या राखेतूनच १९६८ मध्ये लेड झेपेलिन उभं राहिलं. हॉस्टेलच्या अंधारात माझ्या छातीवर आदळणारं ते जे काही होतं, त्याचं मूळ १९५६ च्या शिकागोत होतं. फक्त वाटेत एक गोष्ट बदलली. वुल्फ ताण धरून ठेवतो, ही पोरं ताण सोडतात. त्यांना अठराव्या वर्षी दुसरं काय सुचणार? अडकून पडणं म्हणजे काय हे त्यांच्या शरीराला ठाऊक नव्हतं, उसळणं ठाऊक होतं. आणि उसळण्यातून त्यांनी जे केलं ते लहान नव्हे. एक नवं संगीत झालं त्यातून.

तरी मनात एक कढ राहतोच. वुल्फचं हे गाणं इंग्लंडमध्ये १९६४ साली छोट्या तबकडीवर निघालं आणि तिथल्या खपाच्या यादीत ४२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी इंग्लंडच्याच रोलिंग स्टोन्सनी, विली डिक्सननं लिहिलेलं आणि वुल्फनं १९६१ मध्ये गायलेलं 'रेड रूस्टर' घेतलं, ते डिसेंबरात पहिल्या क्रमांकावर. पुढे क्रीम या गटानं वुल्फनं गायलेलं 'स्पूनफुल' घेतलं, डोअर्स या गटानं 'बॅक डोअर मॅन' घेतलं, १९६७ ला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी महोत्सवात जिमी हेंड्रिक्सनं आपल्या कार्यक्रमाची सुरुवातच वुल्फच्या 'किलिंग फ्लोअर'नं केली. हे सगळे नाव घेऊन गायले. स्टोन्सनी तर त्याहून अधिक केलं. मे १९६५ मध्ये अमेरिकन टीव्हीवर 'शिंडिग'मध्ये त्यांना बोलावलं, तेव्हा वुल्फही हवा असा आग्रह त्यांनी धरला. तो कार्यक्रम आता कुणालाही बघता येतो. स्टोन्समधला ब्रायन जोन्स बोलता बोलता म्हणतो, आता आपण गप्प बसू आणि वुल्फला मंचावर येऊ देऊ. मग तो अगडबंब माणूस येतो, आणि विशी-बाविशीची ती जगप्रसिद्ध पोरं खाली बसून त्याच्याकडे बघत राहतात. अमेरिकेतल्या गोऱ्या घरांमध्ये त्याला घेऊन जायला लंडनहून पाहुणे यावे लागले, याचा आनंद मानावा की लाज वाटावी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण माझ्या लाडक्या झेपेलिननं १९६९ मध्ये 'किलिंग फ्लोअर'मधलं बरंच काही 'द लेमन साँग' म्हणून वाजवलं, आणि लेखकांच्या जागी स्वतःचीच नावं घातली. चेसशी संलग्न असलेल्या आर्क म्युझिकनं १९७२ मध्ये दावा लावला, प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं आणि चेस्टर बर्नेट हे नाव श्रेयात आलं. ज्या गटानं मला या वाटेवर आणलं त्याच्याच मागे हे निघालं, तेव्हा मला घरातल्या कुणी काही दडवून ठेवल्यासारखं वाटलं होतं. १९६४ ला 'किलिंग फ्लोअर' मुद्रित झालं त्यात साथीला तरुण बडी गाय गिटारवर होता. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज फेस्टिव्हल सुरू झालं, तिथे मी त्याला प्रत्यक्ष ऐकलं. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, बोटं मात्र बेफाम. मी सारखी त्या बोटांकडे बघत होते. ही बोटं त्या खोलीत होती, वुल्फपासून हातभर अंतरावर. माझ्या आजूबाजूला झेपेलिनचे टी-शर्ट घातलेली कितीतरी मुलं उभी होती, आणि तीही माझ्यासारखीच, उलट्या वाटेनं चालत इथवर आलेली असणार. ही वाट नसती तर आम्ही आलोच नसतो, हे मला नाकारता येत नाही, आणि ते मान्य करताना राग कमीही होत नाही.

भाचीच्या प्रश्नाशी मी परत परत येत होते, तेव्हा मला अचानक १९७० च्या लंडनमधलं ध्वनिमुद्रण आठवलं. मे महिना, ऑलिम्पिक स्टुडिओ. वुल्फची तब्येत खालावलेली. समोर क्लॅप्टन, स्टोन्सचे बिल वायमन आणि चार्ली वॉट्स. ह्यूबर्ट समलिनला सोबत आणावंच लागेल, असा क्लॅप्टनचा हट्ट होता. 'रेड रूस्टर' वाजवायला घेतात आणि जमत नाही. तो फसलेला प्रयत्न तबकडीवर तसाच ठेवलाय. क्लॅप्टन, ज्याला तोवर लंडनच्या भिंतींवर लोकांनी देव म्हणून रंगवलं होतं, तो म्हाताऱ्याला विनवतो की तुम्हीच गिटार घेऊन आमच्याबरोबर वाजवा, म्हणजे आम्हाला कळेल. आणि वुल्फ गिटार घेऊन दाखवतो, कुठे थांबायचं, कुठून उचलायचं, बदल नेमका कुठे येतो. म्हणजे कॉर्ड कधी बदलते हा प्रश्न त्या खोलीतही होताच. मी भाचीला ते ऐकवलं. ती म्हणाली, एवढी सोपी गोष्ट त्यांना का येत नव्हती? मला ती गोष्ट सोपी वाटत नाही. मोजून येणारा बदल आणि गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर येणारा बदल वेगळा असतो, आणि दुसरा तबकडीवरून शिकता येत नाही, शेजारी बसावं लागतं.

वुल्फ स्वतः पॅटनच्या शेजारी बसला होता. 'स्मोकस्टॅक'मधल्या धुराड्याची आणि सोन्यासारख्या चमकणाऱ्या घंटेची ओळ १९३० च्या आसपास पॅटनच्या 'मून गोइंग डाउन'मध्ये आहेच, मिसिसिपी शेक्सच्या एका गाण्यातही तिच्या खुणा सापडतात. मग पॅटनचं घेणारा वुल्फ आणि वुल्फचं घेणारा झेपेलिन यांच्यात फरक कसा करायचा, असं कुणी विचारेल. मी करते. त्या गवयांमध्ये ओळी सामायिक विहिरीच्या पाण्यासारख्या होत्या, सगळे तिथूनच भरत आणि सगळे सारखेच तहानलेले असत. १९६९ च्या लंडनमध्ये ओळीची किंमत ठरलेली होती, कागद तयार होते, कुणाचं नाव कुठे घालायचं याचा पैशाशी थेट संबंध होता. सगळं ठाऊक असून नाव गाळणं वेगळं.

वुल्फला पुढे बरेच मान मिळाले. १९९४ मध्ये अमेरिकेनं त्याचं टपाल तिकीट काढलं, नंतर हे गाणं तिथल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात गेलं. १९७६ च्या जानेवारीत तो वारला होता, त्यातलं काहीच त्यानं पाहिलं नाही. मला त्या सन्मानांपेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शेतात वाढलेल्या या माणसाला चाळिशीपर्यंत धड लिहिता-वाचता येत नव्हतं. शिकागोत आल्यावर, नाव झाल्यावर, तो प्रौढांच्या वर्गात जाऊन बसला. वाचन शिकला, हिशेब शिकला, आपल्या वादकांचा सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचा, भरणा वेळच्या वेळी करू लागला, जे त्या धंद्यात फारसं कुणी करत नसे. रात्री क्लबात जमिनीवर लोळून गाणारा, पडद्यावर चढणारा तो अजस्र गवई दिवसा वहीत अक्षरं गिरवत होता. आपल्या गाण्याच्या तबकडीवर आपलं नाव आहे की नाही, हे तोवर त्याला स्वतःला वाचता येत होतं.